हुंडी आणि खुशाली

व्यापाऱ्याचं पत्र कधी एकटं निघत नसे. अमेरिकेतल्या चार्ल्स टाउनच्या धक्क्यावरून सुटलेलं जहाज लंडनला सहा आठवड्यांत पोचेल, दहा लागतील की वाटेतच बुडेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करायच्या आणि त्या वेगवेगळ्या कप्तानांच्या हाती द्यायच्या. हुंडीचंही तसंच. आपल्या पेढ्यांवर हुंडी गहाळ झाली तर तिची पेठ लिहून देत, पेठही हरवली तर परपेठ. अटलांटिक ओलांडणाऱ्या हुंडीच्या तिन्ही प्रती मात्र पहिल्याच दिवशी लिहिल्या जात. त्यातली एक सकारली की उरलेल्या दोन रद्द, असं हुंडीवरच नमूद असे.

एवढं करूनही एक नक्कल घरी राहायची. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र पेढीवरचा कारकून एका जाड वहीत उतरवून घ्यायचा. सहा महिन्यांनी उत्तर आलं की आपण नेमकं काय लिहिलं होतं, कोणता भाव कबूल केला होता, हे पाहायला त्या वहीशिवाय दुसरा आधार नव्हता. अठराव्या शतकातल्या अमेरिकी व्यापाऱ्यांबद्दल आज जे कळतं, त्यातलं पुष्कळसं या नक्कलवह्यांमुळे. त्या इतिहासासाठी ठेवलेल्या नव्हत्या. उद्या देण्याघेण्यावरून तंटा झाला तर दाखवायला ठेवल्या होत्या, आणि म्हणूनच मला त्या विश्वासाच्या वाटतात.

अशा वह्या मागे ठेवणारा एक व्यापारी म्हणजे हेन्री लॉरेन्स. जन्म १७२४ सालचा, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स टाउनचा. आजचं चार्ल्सटन ते हेच. धर्मछळामुळे फ्रान्स सोडलेल्या ह्यूगनॉ घराण्यातला. वडील खोगिरं बनवत, त्यात त्यांनी चांगला पैसा केला आणि १७४४ साली मुलाला लंडनच्या एका पेढीवर उमेदवारी करायला धाडलं. तो १७४७ मध्ये परतला तेव्हा वडील नुकतेच वारले होते. मग जॉर्ज ऑस्टिन नावाच्या व्यापाऱ्याशी त्याने भागीदारी केली, १७५० मध्ये एलेनर बॉल या भाताच्या मळेवाल्याच्या मुलीशी लग्न केलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तो वसाहतीतल्या सर्वांत धनवान माणसांत गणला जाऊ लागला. पुढे अमेरिकी काँग्रेसचं अध्यक्षपद, लंडनच्या टॉवरमधली कैद आणि पॅरिसचा तहनामाही त्याच्या वाट्याला आला. त्याच्या कागदपत्रांचे निवडक खंड छापायला १९६८ साली सुरुवात झाली, ते काम २००३ मध्ये संपलं. सोळा खंड झाले.

ते वाचताना पहिल्यांदा जाणवतो तो या माणसाचा आवाका. भाताची पिंपं हॉलंडला आणि हॅम्बुर्गला, नीळ आणि हरणाची कातडी इंग्लंडला, तिकडून कापड, लोखंडी सामान. एकेक पिंप सुमारे पाचशे पौंडांचं, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या आसपास. कुठल्या बंदरात भाव चढलाय, कुठल्या कप्तानाने माल ओला केला, कोणाची उधारी थकलीय, सगळं तो लिहितो. कॅरोलायनाचं चलन वेगळं आणि लंडनचं वेगळं. इथले सात पौंड दिले की तिथला साधारण एक मिळे. ती आकडेमोड तो पत्रातल्या पत्रात करतो. झोप थोडी आणि लिखाण भरपूर, असा त्याचा लौकिक होता.

आणि याच पत्रांत, त्याच सुरात, माणसांचे भाव येतात.

ऑस्टिन आणि लॉरेन्स यांची पेढी गुलामांची अडत करायची. सिएरा लिओन नदीच्या मुखाशी बान्स नावाचं छोटं बेट आहे. १७४८ पासून ते लंडनच्या काही व्यापाऱ्यांच्या मालकीचं होतं, त्यातला एक रिचर्ड ऑस्वाल्ड. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. बान्स बेटावरून आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या इतर ठाण्यांवरून जहाजं चार्ल्स टाउनला येत. लॉरेन्स वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचा, मळेवाले जमायचे, विक्री व्हायची. विक्रीवर अडत दहा टक्के. उरलेल्या रकमेच्या हुंड्या आणि परतीच्या जहाजात भरायला भात. १७५० च्या दशकात या एका पेढीमार्फत आठ हजारांहून अधिक माणसं विकली गेली.

बाजाराला काय हवं ते लॉरेन्स माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांना स्पष्ट कळवतो. गँबियाकडचे असावेत, उंच, धट्टेकट्टे, तरुण असावेत. कॅलाबारकडचे शक्यतो पाठवू नयेत, ते जीव देतात अशी त्यांची ख्याती. गँबियापासून सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करत आलेले होते. खाचरं बांधणं, पाणी कोंडणं आणि सोडणं, साळ कांडणं त्यांच्या हाताला होतं. कॅरोलायनाच्या दलदलीत भात पिकवणाऱ्या मळेवाल्यांना ते हवे होते. कोकणातल्या कुणा शेतकऱ्याला बांध फुटल्यावर रात्री धावत जाऊन तो कसा धरायचा हे सांगावं लागत नाही. तसलं ज्ञान असलेली माणसं पकडून आणली जात होती.

जून १७५६ मध्ये ‘हेअर’ नावाचं एक जहाज आलं. मालक ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचे व्हर्नन बंधू. जहाज सिएरा लिओनहून निघालेलं. त्या विक्रीनंतर लॉरेन्सने व्हर्नन बंधूंना जी पत्रं लिहिली, ती तक्रारीची आहेत. माल हलका निघाला, आजारी आणि लहान पोरंच फार, खरेदीदार लांबलांबून जाहिरात वाचून आले आणि आमच्यावर चिडून परत गेले, असा त्यांचा आशय. एखादा भुसार व्यापारी कीड लागलेल्या धान्याबद्दल लिहील, तसं. ही पत्रं वाचताना मला थांबावं लागलं. भाषा शिवराळ नाही, वाक्यं नेटकी आहेत, हिशेब चोख आहे.

ज्या ‘लहान पोरांबद्दल’ तक्रार होती, त्यातली सहा इलायस बॉल नावाच्या मळेवाल्याने विकत घेतली. इलायस बॉल हा एलेनरचा सावत्र भाऊ, म्हणजे हेन्रीचा मेव्हणा. त्यानेही आपल्या वहीत नोंद केली: चार मुलगे आणि दोन मुली. वयं अंदाजाने, कारण सांगणारं कुणी नव्हतं. एक मुलगा नऊ वर्षांचा, दोन सात-सात वर्षांचे, एक सहाचा, आणि दोन्ही मुली दहा-दहा वर्षांच्या. सहांचे मिळून सहाशे पौंड, कॅरोलायनाच्या चलनात. त्या मुलींपैकी एकीचं नाव त्याने प्रिसिला ठेवलं. तिचं खरं नाव कुठल्याच वहीत नाही.

प्रिसिला त्या मळ्यावर जगली, तिला दहा मुलं झाली, १८११ मध्ये ती वारली. बॉल घराण्याने दीडशे-दोनशे वर्षांचे कागद जपले होते. त्या घराण्यातल्या एडवर्ड बॉल या लेखकाने १९९० च्या दशकात ते उलगडून घराण्याच्या गुलामगिरीवर पुस्तक लिहिलं. मेव्हण्याची नोंद, लॉरेन्सची पत्रं आणि व्हर्नन बंधूंचे जहाजाचे कागद असे तीन ठिकाणचे तीन धागे जुळले, आणि एका मुलीचा सिएरा लिओनपासून कॅरोलायनापर्यंतचा प्रवास सिद्ध झाला. असा अखंड माग लाखो माणसांत फार थोड्यांचा लागतो. २००५ साली प्रिसिलाची सातव्या पिढीतली वंशज सिएरा लिओनला गेली, तेव्हा तिच्या स्वागताला तिथे सरकारपासून गावकऱ्यांपर्यंत सगळे उभे होते.

लॉरेन्सच्या वहीचं एक पान उलटावं, तर तिथे बाप भेटतो.

एलेनरला डझनभर मुलं झाली. मोठी होईपर्यंत जगली ती चारच. १७६० साली चार्ल्स टाउनमध्ये देवीची साथ आली, तेव्हा तान्ही मार्था त्यात सापडली. ती गेली असं समजून तिला शेवटचं निजवलं, खोलीची खिडकी उघडली. वाऱ्याने म्हणा, आणखी कशाने म्हणा, तिने हालचाल केली. ती जगली. पुढे तिच्या नवऱ्याने, डेव्हिड रॅम्से या वैद्य-इतिहासकाराने, तिच्या आठवणींच्या पुस्तकात ही हकीकत लिहून ठेवली. बापाच्या मनातून ती खिडकी कधीच गेली नाही. जिवंतपणी पुरलं जाण्याची धास्ती त्याला जन्मभर पुरली.

हीच मार्था चौदा-पंधरा वर्षांची असताना तिने पृथ्वीगोल आणि खगोल अशी जोडी मागितली. १७७४ सालची गोष्ट, बाप तेव्हा मुलांच्या शिक्षणासाठी इंग्लंडात होता. त्याने ती जोडी घेतली, पाठवली आणि सोबत लिहिलं की पोरी, पृथ्वीचं मोजमाप घेताना या पृथ्वीवर आपल्यालाही एक काम आहे हे विसरू नकोस, आणि प्लम पुडिंगचीही आठवण ठेव. म्हणजे भूगोल शीक, पण चुलीकडे पाठ करू नकोस. आजच्या वाचकाला यातला दुसरा भाग खटकेल. मला मात्र पहिल्याचं जास्त अप्रूप वाटतं. त्या काळात, त्या गावात, किती बापांनी मुलीच्या हट्टासाठी समुद्रापलीकडून पृथ्वीगोल धाडला असेल?

घर आणि पेढी यांच्यामध्ये त्याच्या पत्रांत भिंत नाही. २३ ऑक्टोबर १७६५ च्या मध्यरात्री त्याच्या दारावर जमाव आला. इंग्लंडने नुकताच स्टँपचा कर बसवला होता आणि छापील स्टँप-कागद लॉरेन्सच्या घरात दडवलाय अशी अफवा होती. माणसांनी तोंडं काळी केलेली, अंगावर खलाशांचे डगले. आत एलेनर गरोदर, दिवस भरत आलेले, भीतीने रडते आहे. हे सगळं त्याने पाचच दिवसांनी एका व्यापारी मित्राला सविस्तर लिहून कळवलं. वेषांतर केलेल्यांतले कित्येकजण त्याने आवाजावरून ओळखले आणि त्यांना नावानिशी हाका मारल्या, हेही. गावातलेच होते ते, काहीजण तर रोजच्या ओळखीचे. त्या रात्री एलेनरच्या पोटात होतं ते मूल म्हणजे जेमी.

एलेनर १७७० मध्ये शेवटच्या बाळंतपणानंतर गेली. वर्षभराने तो मुलांना घेऊन इंग्लंडला निघाला. थोरला जॉन आणि धाकटा हॅरी शिकायला जिनिव्हाला गेले, जेमी इंग्लंडात राहिला. १७७४ च्या अखेरीस लॉरेन्स एकटाच परतला, कारण वसाहती आणि इंग्लंड यांच्यात तंटा पेटत चालला होता. पुढच्या वर्षी लंडनमध्ये जेमी उंचावरून पडला आणि गेला. नऊ वर्षांचा होता. बातमी जॉनने लिहिली. ती अटलांटिक ओलांडून येईपर्यंत बाप इकडून पत्रांतून त्या मुलाला आशीर्वाद पाठवतच होता. पत्रं हळू चालत, त्याची किंमत कधीकधी अशी द्यावी लागे.

गुलामांच्या अडतीतून तो १७६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बाहेर पडला होता. का, याची दोन उत्तरं त्याच्याच लेखणीतून मिळतात. व्यापारी मित्रांना तो लिहितो, भागीदार उरले नाहीत, एकट्याने हा व्याप झेपत नाही. पुढे एजर्टन ली नावाच्या न्यायाधीशाशी त्याचा छापील वाद झाला, तेव्हा त्याने सांगितलं की खरेदीपासून विक्रीपर्यंत या लोकांचे जे हाल होत ते मला पाहवले नाहीत आणि ते थांबवणंही माझ्या हातात नव्हतं. लीने हिणवलं, एवढी दया आली तर मळ्यांवर गुलाम राबतात ते कसे? ली माणूस म्हणून फारसा आदरणीय नव्हता, पण प्रश्न रास्त होता. अडत सोडली तरी लॉरेन्स मळे घेतच होता. कूपर नदीकाठचा तीन हजार एकरांचा मेपकिन मळा त्याने १७६२ मध्ये विकत घेतला. माझ्या मते दोन्ही उत्तरं खरी होती. पत्र कुणाला जातंय त्यावरून त्याने त्यातलं एकेक उचललं.

आता ज्या पत्रासाठी लॉरेन्स इतिहासात राहिला, त्याकडे येऊ. तारीख १४ ऑगस्ट १७७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा चार्ल्स टाउनला पोचून दोन आठवडेही झाले नव्हते. पत्र लंडनमध्ये कायदा शिकणाऱ्या जॉनला. वय एकवीस. पत्र लांबलचक आहे आणि सुरुवात लढाईच्या बातम्यांनी होते, कारण जूनच्या २८ तारखेला इंग्रजी आरमाराला सलिव्हन बेटावरच्या किल्ल्याने परतवून लावलं होतं. मग इंग्रज जहाजं मळ्यांवरचे गुलाम फूस लावून पळवतात याचा संताप. माझे सगळे माझ्याशी एकनिष्ठ आहेत, एकानेही पळायचा प्रयत्न केला नाही, हे अभिमानाने. आणि मग एकदम, जणू बोलता बोलता आवाज खाली यावा तसं, तो मुलाला सांगतो: मला गुलामगिरीचा तिटकारा आहे.

पुढची वाक्यं व्यापाऱ्याची आहेत. माझ्याकडच्या माणसांचा उद्या लिलाव केला तर वीस हजार पौंड येतील, तेही लंडनच्या चलनात. त्यांना गुलाम मी केलं नाही, इंग्रजांनी केलं. तरीही त्यांच्यापैकी पुष्कळांना मोकळं करण्याचे मार्ग मी शोधतोय. कायदा आड येतो, देशाची रीत आड येते, माझा आणि माझ्या देशबांधवांचा लोभ आड येतो. एवढी मालमत्ता हातची गेली तर माझी मुलं काय म्हणतील? या अडचणी आहेत, पण पार करता न येण्यासारख्या नाहीत. माझ्या हयातीत होईल तेवढं करीन, बाकीचं माझ्याहून चांगल्या हातांवर सोपवीन. तुझा सल्ला कळव.

यातला ‘माझा लोभ’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याचा लोभ सगळ्यांना दिसतो. स्वतःच्या लोभाचं नाव पोटच्या मुलाला लिहून कळवणारा व्यापारी मी दुसरा वाचलेला नाही. पण ज्याने वीस हजारांचा आकडा काढला, त्यानेच तारीख मात्र घातली नाही. आपल्याकडे हुंडी दोन प्रकारची: दर्शनी आणि मुदती. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मोजायचे. मुदतीची हुंडी ठरलेल्या दिवशी. लॉरेन्सने आपल्या गुलामांच्या नावे जी हुंडी लिहिली तिच्यावर रक्कम होती, सही होती, मुदत कोरी होती.

मुलाने ती दर्शनी समजून वाचली. ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तरात जॉनने लिहिलं की आपणच या माणसांना माणूसपणाच्या खाली ढकललं आणि आता त्यालाच कारण म्हणून पुढे करतो. त्याच महिन्यात त्याने लंडनमध्ये मार्था मॅनिंग या मुलीशी घाईघाईने लग्न केलं, तिला दिवस गेले होते. आणि जानेवारीत तिला मागे ठेवून तो युद्धाला निघाला. आपली मुलगी त्याने कधी पाहिली नाही.

१७७७-७८ च्या हिवाळ्यात बाप-लेक इतके जवळ होते, की पत्राला महिने नाहीत, दिवस लागत. हेन्री पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कमध्ये, काँग्रेसचा अध्यक्ष. जॉन व्हॅली फोर्जच्या छावणीत, जनरल वॉशिंग्टनचा सहायक. पत्रं घोडेस्वारांच्या हाती जायची. मुलगा कापड मागतो, केसांना लावायची भुकटी मागतो, सैन्याचे हाल कळवतो. त्याच्यासोबत बेरी नावाचा घरचा गुलाम होता. त्याच्या हिवाळी कपड्यांची सोय होत नसेल तर चालेल, त्याचं भागेल, असं जॉन एका पत्रात सहज लिहून जातो. काही आठवड्यांनी, जानेवारी १७७८ मध्ये, तोच जॉन बापाला विनंती करतो: मला पुढे वारसा म्हणून जे द्यायचं ते आताच द्या. तुमच्या मळ्यांवरचे धडधाकट पुरुष माझ्या हवाली करा. मी त्यांची पलटण उभी करतो, लढून ते स्वतःचं स्वातंत्र्य मिळवतील. या दोन पत्रांमध्ये फार तर महिन्याभराचं अंतर असेल. तेवीस वर्षांचा मुलगा, मोठ्या विचाराने पेटलेला, आणि शेजारी थंडीत उभा असलेला माणूस त्याला दिसला नाही.

हेन्रीने फटकारलं नाही. त्याने अध्यक्षाच्या व्यापात वेळ काढून मुलाशी वाद घातला, आणि ती पत्रं या साऱ्या खंडांतली सर्वांत सुंदर आहेत. मी इथे पुष्कळांना विचारलं, तुझ्या बाजूने एकही नाही, असं तो कळवतो. शिवाय विचारतो, तू त्या माणसांना विचारलंस का? बायको-पोरं, ओळखीचं अंगण सोडून तोफेसमोर जाणं हा त्यांना उपकार वाटेल का? प्रश्न मोलाचा आहे, कारण सगळ्या पत्रव्यवहारात इथे पहिल्यांदा त्या लोकांच्या इच्छेची गोष्ट निघते. आणि त्याच प्रश्नाने हुंडीची मुदत पुन्हा पुढे ढकलली जाते.

जॉनने हट्ट सोडला नाही. मार्च १७७९ मध्ये काँग्रेसने दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियात तीन हजार गुलामांची पलटण उभारण्याची शिफारस केली, मालकांना दर माणशी एक हजार डॉलरपर्यंत भरपाई आणि लढणाऱ्यांना शेवटी स्वातंत्र्य. या ठरावाला हेन्रीचाही पाठिंबा होता. चार्ल्स टाउनच्या विधिमंडळाने तो धुडकावला. जॉनने पुन्हा मांडला, पुन्हा धुडकावला.

१७८० मध्ये हेन्री कर्ज आणि तह मिळवायला हॉलंडला निघाला. न्यूफाउंडलंडजवळ इंग्रजांनी त्याचं जहाज पकडलं. त्याने कागदांची थैली समुद्रात टाकली, ती बुडायला हवी तशी बुडाली नाही. इंग्रज खलाशांनी आकड्याने ती वर काढली आणि तिच्यातल्या डच तहाच्या मसुद्यावरून इंग्लंडने डिसेंबरमध्ये हॉलंडशी युद्ध पुकारलं. कागद जपण्यात ज्याचा हातखंडा, त्याला एकदा ते बुडवायचे होते, आणि तेवढं जमलं नाही. लॉरेन्सची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली. तिथे कैद झालेला एकमेव अमेरिकी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. शाई-टाक बंद. तो लपवलेल्या पेन्सिलीने लिहीत राहिला. जॉन तेव्हा फ्रान्सच्या राजाकडे मदत मागायला गेला होता. मुलाला परत जायला सांगशील तर तुझी कैद सैल होईल, असं सुचवलं गेलं. त्याचं उत्तर होतं की मुलगा माझ्यासाठी प्राण देईल, अब्रू देणार नाही आणि मीही ती मागणार नाही. पुढे पहारेकऱ्यांच्या वर्षभराच्या पगाराचं साडेसत्त्याण्णव पौंडांचं बिल त्याच्याच हाती ठेवण्यात आलं. आयुष्यभर बिलं तपासलेल्या माणसाने ते भरायला साफ नकार दिला.

१७८१ च्या शेवटच्या दिवशी तो सुटला. जामीन राहणाऱ्यांत बान्स बेटाचा मालक रिचर्ड ऑस्वाल्ड होता.

पुढच्या नोव्हेंबरात लॉरेन्स प्रकृतीसाठी बाथला होता. तिथे अमेरिकेच्या वतीने तहाची बोलणी करणाऱ्या जॉन ॲडम्सचं पॅरिसहून पत्र आलं. २७ ऑगस्टला कॅरोलायनातल्या कोंबाही नदीकाठी एका किरकोळ चकमकीत लॉरेन्सचा मुलगा जॉन मारला गेला होता. वय सत्तावीस. युद्ध जवळजवळ संपलेलं होतं. पत्रात ॲडम्सने सांत्वन केलं होतं आणि तहाच्या वाटाघाटींसाठी पॅरिसला ये असाही निरोप होता. लॉरेन्स निघाला आणि अगदी अखेरच्या क्षणी पोचला. टेबलापलीकडे इंग्लंडचा प्रतिनिधी म्हणून बसला होता ऑस्वाल्ड. ३० नोव्हेंबर १७८२ रोजी मसुद्यावर सह्या होण्याआधी लॉरेन्सने एक कलम घालायला लावलं: माघारी जाताना इंग्रज सैन्याने नीग्रो किंवा अन्य कोणतीही मालमत्ता सोबत नेऊ नये. हजारो गुलाम स्वातंत्र्याच्या आशेने इंग्रजांच्या छावण्यांत गेले होते. ते कलम त्यांच्याविषयी होतं. ऑस्वाल्डने मान्य केलं. दोघांनी पूर्वी कितीतरी करार पत्राने मिटवले होते. ज्याने त्या माणसांना पलटणीत घ्या म्हणून तीन वर्षं भांडण केलं, त्याच्या मृत्यूची बातमी बापाला मिळून तीन आठवडेही झाले नव्हते. त्या दिवशी त्याच्या मनात काय चाललं असेल, ते मला कितीही वाचून उलगडलेलं नाही. फक्त एवढं दिसतं, की ‘मालमत्ता’ हा शब्द त्याच्या हाताला इतका सवयीचा होता की दुःखातही तो आपोआप उमटला.

१४ ऑगस्टचं ते पत्र १८६१ मध्ये न्यूयॉर्कला पुस्तिकेच्या रूपात छापलं गेलं. त्याच वर्षी चार्ल्सटनच्या बंदरात सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि गुलामगिरीवरून देश दुभंगला.

लॉरेन्स १७८४ मध्ये मायदेशी परतला आणि उरलेली आठ वर्षं मेपकिनवर राहिला. मोजक्या गुलामांना त्याने मोकळं केलं. बाकीचे त्याच्या पश्चात वारसांकडे गेले. ८ डिसेंबर १७९२ ला तो गेला. मृत्युपत्रात त्याने हॅरीला आज्ञा दिली होती की मला पुरू नका, जाळा. त्या देशात, त्या समाजात, हे कुणी ऐकलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या गोऱ्यांमधलं हे पहिलं नोंदलेलं दहन मानतात. तान्ह्या मार्थाच्या अंथरुणाजवळची उघडी खिडकी त्याच्या डोळ्यांपुढे तेव्हाही असणार. आणि मृत्युपत्रातही त्याने मोघम काही ठेवलं नाही. देह पूर्ण जळेपर्यंत आग चालू ठेवायची, मग अस्थी गोळा करायच्या. गुंडाळायला कापड जाडंभरडं, आणि ते किती लागेल तेही लिहून ठेवलं: बारा वार.